मामू लावा

कुणाचीही गाडी समोर येऊन थांबली की मामू माणसाकडे बघायच्या आधी तिच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसायचा आणि टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख खुपसायचा. नख किती आत गेलं, त्यावर मालकाशी किती आदरानं बोलायचं ते ठरायचं. एकदा माझ्या दुकानासमोर एका बड्या साहेबांची सरकारी गाडी थांबली. साहेब खाली उतरून रुमालानं मान पुसतायत, तोवर मामू चाकाशी बसलेला. उठला आणि म्हणाला, "साहेब, पावसाळा हाय तंवर घरीच बसा." मी काउंटरमागे गारच पडलो. साहेबांनी आधी ड्रायव्हरकडे खाऊ की गिळू असं बघितलं, मग मामूला चहा विचारला.

असे धक्के मामूनं मला पुष्कळ दिले आणि ते मी हसत पचवले. ज्या धक्क्यासाठी हे लिहायला बसलोय तो मात्र अजून पचलेला नाही. तुम्ही ऐका आणि सांगा, तुम्हाला तरी पचतो का.

सिरसाळ्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गोण्या शेतापर्यंत पोचवायचं काम मामूच्या पिकअपकडे. साठीकडे झुकलेला, मेंदी लावलेली दाढी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत बोलला तरी मी इथं हो म्हणावं. अख्खं गाव त्याला मामू म्हणायचं. त्याचे नातूसुद्धा त्याला मामूच म्हणायचे आणि त्याला त्यात काही गैर वाटायचं नाही. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते वापरलं तर गावात कुणी ओळखणार नाही.

त्याची पिकअप जुनी, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चाक दोन वेढे फिरलं की पुरणाच्या गोळ्यासारखं गुळगुळीत होतं आणि जागच्या जागी गरगरत राहतं. मामू मात्र जायचा. त्याचं एक शास्त्र होतं आणि ते तो गिऱ्हाईक असो की पाहुणा, प्रत्येकाला ऐकवायचा.

"शेठ, वढ इंजिनात आसती, पकड मातीत आसती," तो म्हणायचा. "कंपनीवाले वढ इकत्यात. पकड कोन देनार?"

म्हणजे खेचायची ताकद कितीही असू द्या, चाकानं जमीन धरलीच नाही तर ती ताकद फुकट. रिकामी पिकअप मागून हलकी असते, म्हणून पावसाळ्यात तो मातीनं भरलेल्या गोण्या मागं कायमच्या टाकून ठेवायचा. त्यांना तो 'पाव्हणे' म्हणायचा. पाव्हण्यांची जागाही ठरलेली, बरोबर मागच्या चाकांच्या वर. चाकांच्या मागे वीतभरही सरकलेल्या गोण्या त्याला चालायच्या नाहीत. आणि गाडीच्या अगदी शेवटच्या फाळक्यावर, म्हणजे मागं उघडणाऱ्या झडपेवर, कुणी बसलेलं तर त्याला अजिबात खपायचं नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला त्यानं फाळक्यावर बसला म्हणून भर रस्त्यात उतरवला होता. मेव्हणा चिडून चालत आला, आमच्या घरात आठवडाभर तोच विषय. मी मामूला जाब विचारला तर म्हणाला, "मेव्हना तुमचा हाय, गाडी माजी हाय." बायकोला मात्र मी वेगळंच काहीतरी सांगितलं.

पुढं तात्यांनी चारी चाकांना जोर असलेली पिकअप आणली. तात्या म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार, निवडणूक जवळ आली की पांढरे कपडे आणखी पांढरे करणारे. नवी गाडी हारासकट माझ्या दुकानासमोर उभी केली. मामू सवयीनं चाकाशी बसला. नवं टायर, नख पूर्ण आत गेलं. आता आदरानं बोलणं भाग होतं आणि ते त्याच्या इतकं जिवावर आलं की मला हसू आवरेना. तात्या लिव्हर दाखवत होते. हा ओढला की पुढची चाकंही कामाला लागतात, तुझ्या गाडीत निम्मी चाकं नुसती शोभेची, वगैरे.

"चार चाकं फिरत्यात म्हंजी चार चाकं घसरत्यात बी," मामू म्हणाला.

तात्यांना ते लागलं. तिथंच ठरलं की दोन्ही गाड्यांची पाठ पाठीला लावायची, मध्ये साखळी बांधायची आणि ओढायचं. जो दुसऱ्याला ओढत नेईल त्याचं खरं.

ही टोचनची लढत आमच्याकडे नवी नाही, ट्रॅक्टरवाले करतातच. पण तात्या आणि मामू म्हटल्यावर बाजारतळावर जत्रा लोटली. पाऊस होऊन गेलेला, तळ नुसता राड. मामूनं त्या दिवशी पोचवायच्या खताच्या गोण्या भरूनच गाडी आणली होती. तात्या हसून म्हणाले, भर, पाहिजे तेवढं भर. त्यांची गाडी रिकामी. तिच्यावर त्यांचा ड्रायव्हर बालाजी, चाळिशीचा सरळ माणूस, आणि शेजारी हौसेनं स्वतः तात्या.

शिट्टी वाजली. तात्यांच्या गाडीची चारी चाकं अशी फिरली की चिखल पार चहाच्या टपरीपर्यंत उडाला. साखळी ताणली. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत ती नवी कोरी गाडी मागं सरकायला लागली. मामूची जुनी पिकअप धूर ओकत हळूहळू पुढं, आणि तात्या खिडकीतून मान बाहेर काढून चाकांकडे बघत उलटे येतायत. मग जो गलका झाला तो विचारू नका. लोकांनी फोनवर काढलेली ती दृश्यं पार बीडपर्यंत गेली.

गाव त्यातून एकच गोष्ट शिकलं. मागं वजन टाका, गाडी निघते. कुठं टाका, किती टाका, ते कुणी विचारलं नाही. कुणाची पिकअप फसली की आरोळी उठायची, "मामू लावा रे", आणि आजूबाजूची माणसं उड्या मारून फाळक्यावर चढायची. चढून नाचायची. बऱ्याचदा गाडी निघायचीही, कारण थोडक्यात फसलेली गाडी कशानंही निघते. लोकांनी ते श्रेय मामूच्या नावावर टाकलं.

आणि मामू? फाळक्यावरच्या माणसाला भर रस्त्यात उतरवणारा मामू ते बघून दाढीवरून हात फिरवायचा. एकदाही बोलला नाही. आपलं नाव असं रानोमाळ घेतलं जातंय, याचं सुख त्याच्या चेहऱ्यावर मावायचं नाही. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तर त्याला चिडवायचो की आता तुझं नाव मंत्रासारखं चालतंय, दक्षिणा घे.

सोयाबीन काढायचे दिवस होते आणि पाऊस काही हटत नव्हता. एके दुपारी तात्यांच्या ओढ्याकाठच्या रानातून बालाजी गाडी घेऊन निघाला. मागं सोयाबीनची पोती आणि कामाच्या बाया. ओढ्यातून वर यायला चांगला चढ आहे, एका बाजूला घळ. चढावर चाकं घसरायला लागली. बालाजीनं बायांना सांगितलं, खाली उतरा, मी गाडी वर काढतो. बाया उतरल्या नाहीत. सुमनकाकू म्हणून होती, मामूची भिंतीला भिंत लागून शेजारीण, तोंडाची फटकळ आणि मनाची मोकळी. बायांनी नंतर सांगितलं, तीच पहिल्यांदा म्हणाली, "उतरता कशाला गं, मामू लावा." आणि सगळ्या हसत मागं जाऊन फाळक्यावर उभ्या राहिल्या.

गाडीचं तोंड उचललं. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकली होती, ती काय धरणार आणि स्टेअरिंग काय वळणार. बालाजीनं ब्रेक दाबून धरला तरी गाडी उलटी घसरत घळीत गेली. बाकीच्या बाया चिखलात फेकल्या गेल्या, कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं. सुमनकाकू गाडीखाली आली.

मी दुकानात होतो. बातमी आली तेव्हा हातातली गोणी खाली ठेवायचं भान मला राहिलं नाही. सकाळी तीच बाई माझ्या दुकानावरून जाताना मला म्हणाली होती, शेठ, जरा दुकानाबाहेर या, पांढरे पडलाव. आणि दुपारी ती नव्हती. हे कसं मानायचं माणसानं?

पण माती झाल्यावर जे सुरू झालं त्यानं मी जास्त हादरलो. सगळा दोष बालाजीवर गेला. तात्यांनी त्याच दिवशी त्याला कामावरून काढला. पोलिसांनी त्याला नेला, सोडला, पुन्हा बोलावला. त्याची बायको पाण्याला गेली तर बाया बाजूला व्हायच्या. सुमनकाकूचा नवरा किसन, शांत माणूस, पण बालाजी समोर दिसला की विळा शोधायला लागायचा, त्याला धरून बसवायला लागायचं. दुसरा दोष गाडीवर. चार चाकांचं खूळ, मामू आधीच म्हणला होता, असं जो तो म्हणायला लागला. भेटायला आलेल्या एकानं तर सुमनकाकूच्या दारातच मामूचा हात हातात घेऊन म्हटलं, "मामू, तुमचंच खरं झालं." मी तिथं होतो. मामूनं हात असा झटकून काढला की तो माणूस दचकला.

त्यानंतर तो दुकानात यायचा, गोण्यांवर बसायचा आणि काही न बोलता उठून जायचा. मामू बोलत नाही हे बघायची मला सवय नव्हती. भीती वाटायची. एक दिवस म्हणाला, तात्यांकडं जायचंय, तुमी संगं चला. त्याचा थोरला मुलगा मागोमाग आला होता. तो हळू आवाजात सांगत होता, "अब्बा, कशापायी जाताव? तुमचं नाव कुनी घेईना. गप ऱ्हावा." मुलाचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. आजकालचे दिवस कसे आहेत ते तुम्हीही बघताय. ज्याच्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही, त्यानं स्वतःहून चौकात जाऊन उभं राहायचं, आणि तेही मामूनं? मीही त्याला थांब म्हणालो. तो चालायला लागला होता.

तात्यांच्या ओसरीवर त्यानं सरळ विषय काढला. पुन्हा टोचन लावायची. बाजाराच्या दिवशी, तीच गाडी, वर बालाजी. तात्या भडकले. बाई मरून महिना झाला नाही आणि तुला तमाशा सुचतो का, म्हणाले. ते बरोबरच बोलत होते. मामूनं ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं ते ऐकून तात्या खाली बसले.

"माज्या चाकाखाली मुरूम व्हता, तात्या. तिथं मांडवासाठी मुरूम टाकल्याला, वरून गाळ आल्ता. मी सकाळीच अनवानी जाऊन बघून आल्तो. तुमच्या चाकाखाली निव्वळ गाळ व्हता. मला म्हाईत व्हतं."

इतकी वर्षं ज्याच्याबरोबर चहा प्यायलो, ज्याचं शास्त्र ऐकून माझे कान किटले, तो माणूस ती लढत लबाडीनं जिंकला होता आणि एवढे दिवस त्या जिंकण्यावर मिरवत होता. राग आला, आणि रागापेक्षा मोठं काहीतरी आलं. तात्यांनी विचारलं, मग आता परत कशाला ओढायचं, नुसतं सांग की गावाला. मामू म्हणाला, सांगितलेलं कुणी ऐकत नाही, बघितलेलं लक्षात राहतं. लोक ते बघूनच शिकलेत, आता बघूनच विसरू द्या.

बाजाराच्या दिवशी पुन्हा पाऊस पडून गेलेला. तात्यांची गाडी पंचनामा होऊन सुटली होती. एका बाजूनं पार चेपलेली, पण चालत होती. यावेळी जागा तात्यांनी निवडली, दोन्हीकडे सारखाच गाळ. दोन्ही गाड्यांत सारख्याच गोण्या, चाकांच्या वर. बालाजी यायला तयार नव्हता. मामू त्याच्या घरी जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आला. लोकांनी बालाजीला बघून शिव्या द्यायला सुरुवात केली. किसन टपरीजवळ उभा होता, दोघं त्याला धरून.

मामू आपल्या गाडीच्या पायरीवर चढला. मुरमाचं सांगितलं. गर्दी चुळबुळली, कुणीतरी हसलंही, त्यांना वाटलं मामूची काही गंमत चाललीय. मग त्यानं फाळक्यावर हात आपटला.

"हितं वजन पडलं की गाडीचं तोंड उचलतंय. तोंड उचललं की पुढची चाकं मेली. चार चाकांची गाडी दोनाची व्हती, आन दोन चाकांचीला वळन ऱ्हात न्हाई. हे मला तरन्या वयापासून म्हाईत हाय. तुमी माजं नाव घिऊन हितं चढत व्हता, आन मला ग्वाड लागत व्हतं. बालाजीच्या जागी मी आसतो तरी गाडी गेली आसती."

आता कुणी हसत नव्हतं. त्याचा मुलगा खाली मान घालून उभा होता.

साखळी बांधली. शिट्टी कुणी वाजवेना, तेव्हा तात्यांनीच हात वर केला. दोन्ही गाड्या गुरगुरल्या. मामूची मागची चाकं गाळात गरगरायला लागली, बालाजीची चारी चाकं अडखळत अडखळत जमीन धरायला लागली. आणि मामू मागं जायला लागला. तुम्हाला वाटेल, मुद्दाम हरायला आलेला माणूस पाय सैल सोडून बसला असेल. नाही. मी अगदी जवळ होतो, त्याचा पाय रेसवर पुरा दाबलेला होता. इंजिन किंचाळत होतं, रेडिएटरमधून वाफ निघत होती, हाताच्या शिरा ताठलेल्या. मामू हरला नाही, त्यानं सोडून दिलं, असं कुणी उद्या म्हणू नये म्हणून तो जीव खाऊन ओढत होता आणि सगळ्या बाजारासमोरून उलटा फरफटत चालला होता. समोरच्या काचेतून तो आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे. बालाजी थांबवायला लागला तर यानं हात बाहेर काढून खूण केली, ने म्हणून. पार दुसऱ्या टोकाच्या लिंबापर्यंत नेला. बाजारात एवढी माणसं होती आणि नुसती इंजिनं ऐकू येत होती.

गाडी बंद करून मामू उतरला. किसनला धरलेल्या दोघांचे हात सुटले असावेत. तो चिखल तुडवत मामूसमोर जाऊन उभा राहिला. मी पळत गेलो, तात्याही आले.

किसननं विचारलं, "मंग माजी बायको कुनाच्या वजनानं मेली, मामू?"

"माज्या," मामू म्हणाला.

किसननं हात उचलला नाही. तो वळला आणि घराकडे चालायला लागला. दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला आणि बालाजीवर माझा राग नाही, असं सांगून आला. बालाजीच्या बायकोला आता बाया पाण्यावर जागा देतात, तोही पुन्हा तात्यांच्या गाडीवर आहे. मामूशी मात्र किसन एक शब्द बोलला नाही. भिंतीला भिंत लागलेली घरं ती. एकाचं ताट वाजलं तर दुसऱ्याला ऐकू यायचं. मामूला ते सोसलं नाही. पिकअप मुलाच्या हवाली करून तो बीडजवळ पालीला लेकीकडे राहायला गेला.

कोर्टाच्या कामाला बीडला गेलो होतो, तेव्हा परतीला पालीत उतरलो. मामू लेकीच्या दारात खाटेवर बसला होता. दाढीला मेंदी नव्हती, पांढरीफेक. मला बघून उठला, चहा सांगितला, दुकानाचं विचारलं, पावसाचं विचारलं. माझ्या मेव्हण्याचंसुद्धा विचारलं. गावातलं नाव एकाचंही घेतलं नाही. मी निघालो तेव्हा रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि बस दिसल्यावर मला म्हणाला, "आता गाडी फसल्यावर काय करत्यात?"

"खाली उतरतात आणि लांब उभे राहतात," मी सांगितलं. ते खरंच होतं. कुणाला सांगावं लागत नाही.

"बायाबी?"

"बायाबी."

त्यानं मान हलवली. बस येऊन थांबली होती, कंडक्टर चला म्हणत होता. मी चढून खिडकीत बसलो आणि बाहेर बघितलं, तर तो रस्त्याच्या कडेला तसाच उभा होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून, त्या एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आवाज न करता रडत होता.